ॲक्सेस लिस्ट लावली आणि निम्मं नेटवर्क बंद पडलं: स्विचवरच्या एसीएलचं समस्या निवारण

स्विचवर ॲक्सेस लिस्ट (एसीएल, म्हणजे कोणतं पॅकेट सोडायचं आणि कोणतं अडवायचं हे सांगणाऱ्या ओळींची यादी) लावल्यानंतर दोनच प्रकारच्या तक्रारी येतात. जे चालायला हवं ते बंद पडलं, किंवा जे बंद व्हायला हवं ते अजून चालूच आहे. दोन्ही प्रकारचे बिघाड मी वर्षानुवर्षं दुरुस्त करत आलो आहे. लिस्टमधल्या ओळी चुकलेल्या असतात त्यापेक्षा जास्त वेळा चुकीची असते ती लिस्टची जागा किंवा दिशा. पॅकेट लिस्टपाशी भलत्याच बाजूने येतं, किंवा येतच नाही. म्हणून ओळी वाचण्याचं काम इथे मध्यावर ठेवलं आहे, सुरुवातीला नाही.

उदाहरणं सिस्कोच्या आयओएस या स्विच-सॉफ्टवेअरच्या धर्तीवर आहेत, कारण बऱ्याच कंपन्यांच्या कमांड त्याच वळणाच्या आहेत. जिथे वागणूक खरोखर वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे.

लक्षणं

- जुने कॉम्प्युटर व्यवस्थित चालतात, पण नवीन जोडलेल्या किंवा रीस्टार्ट केलेल्या कॉम्प्युटरला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळतो (डीएचसीपी या पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून पत्ता न आल्यावर मशीन स्वतःच घेते तो).
- पिंग जातं, पण ॲप्लिकेशन उघडत नाही. किंवा उलट: ॲप्लिकेशन चालतं, पिंग मात्र जात नाही.
- आयपी पत्ता टाकला की साइट उघडते, नावाने उघडत नाही.
- लॉगिन होतं, छोटी पानं उघडतात, मोठी फाइल पाठवली की मध्येच अडकते.
- ज्या दोन मशीनमधलं बोलणं बंद करायचं होतं ती अजूनही आरामात बोलतात.
- काल दुरुस्त केलेलं आज पुन्हा बिघडलं, मध्ये कुणी काही बदललं नाही.
- लिस्ट लावताच ओएसपीएफचा (स्विच एकमेकांना वाटा कळवतात त्या प्रोटोकॉलचा) शेजारी स्विच तुटला, किंवा एचएसआरपीच्या (बाहेर जायचं एकच दार, म्हणजे गेटवे, दोन स्विच मिळून सांभाळतात ती पद्धत) दोन्ही स्विचना आपणच ॲक्टिव्ह आहोत असं वाटू लागलं.
- लिस्ट लावल्यावर स्विचचा सीपीयू चढला आणि सगळंच मंदावलं.

यातलं नेमकं कोणतं दिसतंय ते लिहून ठेवा. कोणत्या मशीनवरून, कोणत्या पत्त्याकडे, कोणत्या पोर्टवर, हेही लिहा. ‘नेट चालत नाही’ एवढ्या माहितीवर एसीएल दुरुस्त होत नाही. सोर्स पत्ता, डेस्टिनेशन पत्ता, प्रोटोकॉल, पोर्ट या चार गोष्टी हातात असल्या की निम्मं काम झालेलं असतं, कारण लिस्टसुद्धा याच गोष्टी पाहून निर्णय घेते.

हात लावण्याआधी

स्विच दूर असेल तर परतीची वाट आधी तयार करा. आयओएसमध्ये ‘रीलोड इन १०’ दिलं की दहा मिनिटांनी स्विच स्वतःहून रीस्टार्ट होतो आणि सेव्ह केलेल्या जुन्या कॉन्फिगरेशनवर परत येतो. काम नीट झालं की ‘रीलोड कॅन्सल’. मात्र मध्येच सेव्ह केलंत तर या सुरक्षा-जाळीचा उपयोग संपला. शिवाय रीस्टार्ट झालाच तर त्या स्विचवरचे सगळेच लोक काही मिनिटं तुटतील, हे आधी संबंधितांना सांगा. ज्युनिपरवर यापेक्षा सौम्य सोय आहे: ‘कमिट कन्फर्म्ड’ दिल्यावर ठरलेल्या वेळेत पुन्हा कमिट केलं नाही, तर फक्त कॉन्फिगरेशन मागे जातं. वेळ सांगितली नाही तर ती दहा मिनिटं धरली जाते.

चालू असलेल्या लिस्टमध्ये थेट खाडाखोड करू नका, असं मी आग्रहाने सांगेन. नव्या नावाची लिस्ट पूर्ण लिहा, तपासा आणि मग इंटरफेसवर ‘आयपी ॲक्सेस-ग्रुप’ची एकच कमांड देऊन जुनीच्या जागी नवी बसवा. एका इंटरफेसवर एका दिशेला आयपीव्ही४ ची एकच लिस्ट राहते, त्यामुळे नवी आली की जुनी आपोआप सुटते. गडबड झाली तर जुनं नाव परत टाकायचं, एवढंच.

याला कारण आहे. आयओएसमध्ये इंटरफेसवर लावलेली पण रिकामी असलेली लिस्ट सगळं जाऊ देते. तुम्ही पहिली परमिट (‘जाऊ द्या’) ओळ टाकताच तिच्यामागे न दिसणारी ‘बाकी सगळं बंद’ ही ओळ जिवंत होते. पहिल्या ओळीत तुमचा स्वतःचा पत्ता नसेल तर दुसरी ओळ टाइप करण्याआधीच तुमचं एसएसएच सेशन (दूरून स्विचवर केलेलं लॉगिन) तुटलेलं असतं. नंबर असलेल्या जुन्या पद्धतीच्या लिस्टमध्ये आणखी एक धोका आहे. ‘नो ॲक्सेस-लिस्ट १०१’ लिहून पुढे एखादी ओळ दिली, तरी ती एकच ओळ जात नाही, अख्खी लिस्ट जाते.

आधी ठरवा: दोष एसीएलचाच आहे का?

ही तपासणी फुकट आहे, अर्ध्या मिनिटात होते, आणि बहुतेक जण ती वगळतात. बंद पडलेल्या मशीनवरून गेटवेला पिंग करा आणि लगेच ‘एआरपी -ए’ने एआरपी टेबल (आयपी पत्त्यासमोर त्याचा मॅक, म्हणजे हार्डवेअरचा, पत्ता दाखवणारा तक्ता) बघा.

गेटवेच्या पत्त्यासमोर मॅक पत्ता दिसत नसेल तर एसीएल सोडा. एसव्हीआयवर, म्हणजे व्हीलॅनचा (स्विचवरच्या वेगळ्या केलेल्या नेटवर्क-विभागाचा) गेटवे असलेल्या स्विचमधल्या आभासी इंटरफेसवर, लावलेली आयपी लिस्ट एआरपी अडवत नाही. म्हणजे बिघाड त्याखालच्या थरात आहे: स्विचचा पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये आहे, ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या जोडणीवर) तो व्हीलॅन सोडलेला नाही, पोर्ट सिक्युरिटीने पोर्ट बंद केला आहे, किंवा डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन (खोटे एआरपी रोखणारी तपासणी) आड येतंय. त्या गोष्टी एसीएलसारख्याच दिसतात आणि त्यांच्यापायी लोक तासन्‌तास लिस्ट चाळत बसतात.

मॅक पत्ता दिसतोय पण पिंगला उत्तर नाही? मग एसीएलवर संशय घ्यायला जागा आहे. एसव्हीआयवर ‘इन’ दिशेला लावलेली लिस्ट खुद्द स्विचच्या पत्त्याकडे येणारी पॅकेटंही तपासते. त्यामुळे गेटवेकडून पिंगचं उत्तर न येणं म्हणजे गेटवे मेला असा अर्थ होत नाही.

इथेच एक इशारा. तपासणीसाठी स्विचवर लॉगिन करून तिथून पिंग करू नका. आयओएसमध्ये स्विचने स्वतः तयार केलेलं पॅकेट त्याच स्विचच्या ‘आउट’ लिस्टमधून तपासलं जात नाही, आणि क्लायंटच्या व्हीलॅनच्या ‘इन’ लिस्टपाशी तर ते फिरकतही नाही. ‘स्विचवरून सगळं पिंग होतंय, म्हणजे एसीएल बरोबर आहे’ हे वाक्य मी सतत ऐकतो आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. चाचणी त्रास असलेल्या मशीनवरूनच घ्या, आणि त्या ॲप्लिकेशनच्याच पोर्टवर घ्या. विंडोजवर ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ला पोर्ट देता येतो, लिनक्सवर ‘एनसी -व्हीझेड’ आहे. पिंग म्हणजे आयसीएमपी. टीसीपी ४४३ ची (सुरक्षित वेबच्या पोर्टची) कथा वेगळी असते.

लिस्ट कुठे लावली आहे आणि कोणत्या दिशेने

‘शो आयपी इंटरफेस व्हीलॅन १०’ दिलं की त्यात इनबाउंड आणि आउटगोइंग लिस्टची नावं दिसतात. नाव बरोबर आहे का ते एकेक अक्षर जुळवून बघा. लिस्टच्या नावात इंग्रजी लहान-मोठी अक्षरंही तंतोतंत जुळावी लागतात, आणि अस्तित्वात नसलेल्या नावाची लिस्ट लावली तर आयओएस कुरकुर न करता सगळं जाऊ देतं. ‘लिस्ट लावली तरी काहीच अडत नाही’ याचं हे अगदी साधं कारण असतं.

मग दिशा. स्वतःला स्विचच्या आत उभं करा आणि मगच इन-आउट ठरवा. व्हीलॅन १० मधल्या कॉम्प्युटरने पाठवलेलं पॅकेट तुमच्याकडे येतंय, म्हणून ते व्हीलॅन १० च्या एसव्हीआयवर ‘इन’. बाहेरून आलेलं, व्हीलॅन १० मधल्या कॉम्प्युटरकडे निघालेलं पॅकेट ‘आउट’. वापरणाऱ्याच्या बाजूने विचार केला की हे नेमकं उलटं वाटतं, कारण त्याच्या लेखी तो ‘बाहेर’ जातोय. ‘इन’ लिस्टमध्ये सोर्स म्हणून व्हीलॅन १० चाच सबनेट (आयपी पत्त्यांचा पट्टा) असायला हवा. तिथे सोर्स म्हणून दुसऱ्याच व्हीलॅनचा पत्ता दिसला, तर दिशा चुकली आहे असं समजायला हरकत नाही.

तिसरा प्रश्न: पॅकेट या लिस्टपाशी येतं तरी का? एकाच व्हीलॅनमधल्या दोन मशीन एकमेकांशी बोलतात तेव्हा पॅकेट राउट होत नाही. ते एसव्हीआयपर्यंत चढतच नाही, मग तिथली लिस्ट कितीही कडक असली तरी तिला पॅकेट दिसणार कसं? अशा ट्रॅफिकसाठी पोर्टवर लावायची लिस्ट, व्हीलॅन मॅप (अख्ख्या व्हीलॅनमधल्या ट्रॅफिकला लागू होणारी नियमावली) किंवा प्रायव्हेट व्हीलॅन (एकाच व्हीलॅनमधल्या मशीन एकमेकींपासून वेगळ्या ठेवणारी रचना) लागतो.

व्हीलॅन मॅप वापरणार असाल तर ‘परमिट’चा अर्थ बदलतो हे लक्षात ठेवा. तिथल्या लिस्टमधलं परमिट म्हणजे फक्त ‘जुळलं’. पुढे काय करायचं, सोडायचं की टाकून द्यायचं, ते मॅपमधली ॲक्शन ठरवते. लिस्टमधलं डिनाय (एरवी ‘अडवा’) म्हणजे ‘इथे जुळलं नाही, मॅपच्या पुढच्या नोंदीकडे जा’. आणि मॅपमध्ये आयपी लिस्टशी जुळवणारी एक जरी नोंद असेल, तर कुठेच न जुळलेलं आयपी पॅकेट टाकून दिलं जातं. ही वाक्यं न वाचता लावलेला व्हीलॅन मॅप अख्खा व्हीलॅन बंद पाडू शकतो.

मॅक पत्त्यावरच्या लिस्टचंही असंच. सिस्को कॅटालिस्टच्या २९६०, ३५६०, ३७५० या मालिकांमध्ये पोर्टवरची मॅक लिस्ट फक्त आयपी नसलेलं ट्रॅफिक गाळते. एखाद्या मशीनचं आयपी ट्रॅफिक मॅक पत्त्यावरून अडवायला गेलात तर तिथे काहीच होणार नाही.

काल दुरुस्त केलं, आज पुन्हा तेच

सतत परतणाऱ्या बिघाडांचा उगम बहुधा ओळींमध्ये नसतो. आधी हे चार दरवाजे बघा.

बदल सेव्ह केला होता का? चालू कॉन्फिगरेशन आणि सेव्ह केलेलं कॉन्फिगरेशन यांची तुलना करा. वीज गेली की सेव्ह न केलेली ओळ गेली.

गेटवे म्हणून दोन स्विचची जोडी आहे का? एचएसआरपी किंवा व्हीआरआरपी (तशीच दुसरी पद्धत) असेल तर लिस्ट दोन्ही स्विचवर असावी लागते, आणि ती आपोआप एकीकडून दुसरीकडे जात नाही. एकावर सुधारली, दुसऱ्यावर जुनीच राहिली, की ॲक्टिव्ह स्विच बदलताच बिघाड परत येतो. त्याहून फसवं म्हणजे जाणारं पॅकेट एका स्विचमधून आणि परतीचं दुसऱ्यातून जातं तेव्हा. काही कनेक्शन चालतात, काही नाही, आणि कुणालाच त्यात संगती लागत नाही. दोन्ही स्विचच्या लिस्ट शेजारी शेजारी ठेवून ओळीला ओळ लावा. ‘दोन्हीकडे सारखंच आहे’ या तोंडी हमीवर थांबू नका.

कॉन्फिगरेशन कुठल्या मध्यवर्ती प्रणालीतून येतं का? तसं असेल तर हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या फेरीत पुसली जाईल. दुरुस्ती तिथेच, मूळ साच्यात करावी लागेल.

शेवटचा दरवाजा वेळेचा. टाइम-रेंज लावलेल्या (ठरावीक वेळेपुरत्या लागू असलेल्या) ओळी स्विचच्या घड्याळावर चालतात. बिघाड ठरावीक वेळीच होत असेल तर ‘शो क्लॉक’ बघा. घड्याळ चुकलेलं असेल तर एनटीपीचं (घड्याळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलचं) यूडीपी १२३ एखाद्या लिस्टने अडवलंय का तेही बघा.

आता ओळी वाचा

‘शो ॲक्सेस-लिस्ट’ द्या आणि वरून खाली या. स्विच जिथे पहिलं जुळतं तिथेच थांबतो, पुढचं वाचत नाही. म्हणून शेवटी जोडलेली नवी परमिट ओळ वरच्या एखाद्या रुंद डिनायमुळे कधीच गाठली जात नाही. ओळींना १०, २०, ३० असे क्रमांक असतात. मध्ये घालायची असेल तर १५ देऊन घाला. जागा उरली नसेल तर ‘रीसीक्वेन्स’ने क्रमांक पुन्हा पाडून घ्या.

शेवटच्या न दिसणाऱ्या डिनायबद्दल कंपन्यांमध्ये एकमत नाही, आणि एका कंपनीच्या स्विचवरून दुसरीवर जाताना हेच नडतं. सिस्को, अरिस्टा आणि ज्युनिपरमध्ये न जुळलेलं पॅकेट टाकलं जातं. हुआवेचा ट्रॅफिक-फिल्टर आणि एचपीईच्या कॉमवेअर या स्विच-सॉफ्टवेअरमधला पॅकेट-फिल्टर न जुळलेलं पॅकेट मुळात सोडून देतात. तिथे बंदी हवी असेल तर ती उघड सांगावी लागते. मी तर कुठल्याही कंपनीच्या स्विचवर शेवटची ओळ हाताने लिहितो. वाचणाऱ्याला शंका राहत नाही, आणि काउंटर (ओळीशी जुळलेल्या पॅकेटांची मोजणी) असेल तर किती पॅकेटं तळाला जाऊन पडतायत तेही कळतं.

वाइल्डकार्ड मास्क तपासा. आयओएसच्या लिस्टमध्ये सबनेट मास्क चालत नाही, उलटा मास्क लागतो: २५५.२५५.२५५.० च्या जागी ०.०.०.२५५, आणि २५५.२५५.२५५.१९२ च्या जागी ०.०.०.६३. प्रत्येक आकडा २५५ मधून वजा करायचा. चुकून १९२.१६८.१०.० पुढे २५५.२५५.२५५.० लिहिलंत तर आयओएस ते नाकारत नाही. ते कॉन्फिगरेशनमध्ये ०.०.०.० २५५.२५५.२५५.० असं साठवतं, ज्याचा अर्थ होतो ‘ज्यांचा शेवटचा आकडा शून्य आहे असे सगळे पत्ते’. तुमच्या एकाही कॉम्प्युटरशी ते जुळत नाही. म्हणून लिस्टमध्ये ०.०.०.० ने सुरू होणारी अनपेक्षित ओळ दिसली की हीच चूक आहे असं समजा. फायरवॉलवरून ओळी उचलून स्विचवर टाकल्या की हे हमखास होतं, कारण सिस्कोच्याच एएसए फायरवॉलला लिस्टमध्ये साधा सबनेट मास्क लागतो. एनएक्स-ओएस (सिस्कोच्या नेक्सस स्विचचं सॉफ्टवेअर) आणि अरिस्टावर /२४ असं लिहिता येतं. सोय असेल तिथे तसंच लिहा.

पोर्टची जागाही बघा. सोर्स पत्त्यानंतर लिहिलेला पोर्ट सोर्सचा, डेस्टिनेशननंतर लिहिलेला डेस्टिनेशनचा. क्लायंटकडून वेब सर्व्हरकडे जाताना ४४३ डेस्टिनेशनला असतो. परतीच्या पॅकेटमध्ये तो सोर्सला येतो.

नवीन मशीनला पत्ता मिळत नाही

हा बिघाड मला सर्वांत जास्त वेळा भेटतो, आणि लिस्ट लावल्यावर काही तासांनीच तो उघड होतो, त्यामुळे त्याचा संबंध लिस्टशी कुणी लावत नाही.

पत्ता मागणाऱ्या मशीनकडे अजून पत्ता नसतो. त्यामुळे तिचं पहिलं डीएचसीपी पॅकेट ०.०.०.० वरून २५५.२५५.२५५.२५५ कडे निघतं, यूडीपी ६८ वरून ६७ कडे. तुमची ‘इन’ लिस्ट म्हणते, ‘फक्त १९२.१६८.१०.० च्या सबनेटमधून येणाऱ्यांना सोडा’. ०.०.०.० त्या सबनेटमध्ये नाही, म्हणून ते पॅकेट तळाच्या डिनायमध्ये पडतं. ज्यांच्याकडे पत्ता आधीच आहे ते मात्र निर्धास्त असतात. लीजची (पत्ता ठरावीक काळापुरता मिळतो, त्या काळाची) निम्मी मुदत झाली की ते थेट सर्व्हरला, आपल्या खऱ्या पत्त्यावरून नूतनीकरण मागतात, आणि ते पॅकेट लिस्टमधून जातं. म्हणून जुने चालू, नवे बंद.

सर्व्हरकडे जायची वाटही बंद असेल तर नूतनीकरण निम्म्या मुदतीला फसतं, पुढे ८७.५ टक्क्यांना मशीन ब्रॉडकास्ट करून पुन्हा प्रयत्न करते, आणि तोही फसला तर मुदत संपल्यावर पत्ता जातो. आठ तासांच्या लीजवर सकाळी केलेली चूक संध्याकाळकडे एकेक मशीन खाऊ लागते.

इलाज साधा आहे. ‘इन’ लिस्टच्या वरच्या भागात ‘परमिट यूडीपी एनी इक्यू ६८ एनी इक्यू ६७’ ही ओळ हवी. डीएचसीपी सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये असेल आणि त्या व्हीलॅनच्या एसव्हीआयवरही ‘इन’ लिस्ट असेल, तर तिथे सर्व्हरकडून रिलेकडे (मशीनची विनंती दुसऱ्या व्हीलॅनमधल्या सर्व्हरपर्यंत पोचवणाऱ्या स्विचकडे) येणारं उत्तर सोडावं लागतं. ते ६७ वरून ६७ कडेच जातं, ६८ कडे नाही. ही दुसरी ओळ राहून गेल्यामुळे पहिली बरोबर असूनही काम अडलेलं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे.

त्याच जागी डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी सेवा) बघून घ्या. यूडीपी ५३ सोबत टीसीपी ५३ ही सोडा, मोठी उत्तरं टीसीपीवरून येतात. आणि त्या व्हीलॅनमध्ये राउटिंग किंवा गेटवेची जोडी असेल तर तिची पॅकेटंही याच ‘इन’ लिस्टमधून जातात: ओएसपीएफ हा आयपी प्रोटोकॉल ८९ आहे आणि २२४.०.०.५ व २२४.०.०.६ वर बोलतो, व्हीआरआरपी हा ११२ आहे आणि २२४.०.०.१८ वर, एचएसआरपीची पहिली आवृत्ती यूडीपी १९८५ वर २२४.०.०.२ कडे. ओएसपीएफ अडला तर लगेच कळत नाही. इथरनेटवर डेड टाइमर सहसा ४० सेकंदांचा असतो, तेवढं थांबून शेजारी तुटतो. लिस्ट लावल्यावर पहिल्या दहा सेकंदांत सगळं ठीक दिसलं म्हणून लॅपटॉप बंद करू नका.

परतीचं पॅकेट

स्विचची साधी लिस्ट स्मरणशक्ती ठेवत नाही. कोणी संभाषण सुरू केलं हे तिला ठाऊक नसतं. ती प्रत्येक पॅकेट सुटं बघते. फायरवॉलवर काम केलेल्यांना हे सर्वांत जड जातं, कारण तिथे जाणारं सोडलं की परतीचं आपोआप सुटतं.

टीसीपीसाठी ‘इस्टॅब्लिश्ड’ हा शब्द कामाला येतो. एसीके (‘पोचलं’) किंवा आरएसटी (‘कनेक्शन तोडा’) ही खूण, म्हणजे बिट, असलेलं पॅकेट त्याच्याशी जुळतं, म्हणजे संभाषण सुरू करणारं पहिलं पॅकेट सोडून बाकी सगळी. हे खरं संरक्षण नव्हे. एसीके बिट कुणीही लावून पाठवू शकतं, स्विच त्यामागचं कनेक्शन तपासत नाही. यूडीपीमध्ये तर असं कुठलंच बिट नाही. तिथे सर्व्हरचा पत्ता आणि सोर्स पोर्ट सांगून परतीची ओळ लिहावी लागते. डेस्टिनेशन पोर्ट क्लायंटचा तात्पुरता पोर्ट असतो: आजच्या विंडोजवर तो सामान्यतः ४९१५२ ते ६५५३५ मधला, लिनक्सवर ३२७६८ ते ६०९९९ मधला. एकाच पट्ट्यावर ओळ बेतली तर दुसऱ्या प्रणालीची मशीन अडकतील.

माझं मत स्पष्ट आहे: लिस्ट शक्यतो वापरणाऱ्याच्या व्हीलॅनवर ‘इन’ दिशेलाच लावा आणि दोन्ही दिशांना लिस्ट लावायचा मोह टाळा. दोन दिशा म्हणजे प्रत्येक सेवेसाठी दोन ओळी, आणि त्यातली एक कधीतरी राहतेच. परतीचं ट्रॅफिक हिशेबाने सांभाळायची गरज खरोखर असेल तर ते काम फायरवॉलचं आहे.

मोठी फाइल अडकते

पिंग जातं, लॉगिन होतं, मोठी फाइल थांबते: पिंगपुरतं सोडून बाकी आयसीएमपी सरसकट बंद केलं आहे का ते बघा. वाटेत कुठे एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) लहान असेल तर तिथलं उपकरण ‘तुकडे करावे लागतील’ असं आयसीएमपी टाइप ३, कोड ४ पाठवून कळवतं. तो निरोप लिस्टने खाल्ला की पाठवणारा मोठीच पॅकेटं पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. विंडोजवर ‘पिंग -एफ -एल १४७२’ करून बघा. १४७२ मध्ये २८ बाइटचे हेडर मिळवले की १५०० होतात. ते जात नसेल आणि लहान आकाराचं जात असेल, तर दिशा मिळाली.

आयपीव्ही६ विसरलात का?

आयपीव्ही४ ची लिस्ट आयपीव्ही६ च्या पॅकेटला हात लावत नाही. दोन्ही पत्ते असलेली मशीन साधारणपणे आयपीव्ही६ ला आधी पसंती देते, म्हणून ‘बंद केलेली’ सेवा निवांत चालू राहते. वेगळी लिस्ट लिहा आणि ती ‘आयपीव्ही६ ट्रॅफिक-फिल्टर’ने लावा. आयओएसमध्ये या लिस्टच्या तळाला शेजाऱ्याचा मॅक पत्ता शोधणारी नेबर सॉलिसिटेशन आणि नेबर ॲडव्हर्टाइजमेंट ही पॅकेटं आपोआप सोडलेली असतात. तुम्ही स्वतः ‘डिनाय आयपीव्ही६ एनी एनी’ लिहिलंत की ती सवलत जाते आणि गेटवेच सापडेनासा होतो. तेव्हा या दोन परमिट ओळी त्याच्या वर लिहा.

काउंटर, पॅकेट कॅप्चर आणि टीकॅम

इथपर्यंत सापडलं नसेल तर काम थोडं अवघड आहे.

काउंटर बघताना सावध राहा. स्विचमध्ये लिस्ट हार्डवेअरमध्ये चालते, आणि अनेक कॅटालिस्ट स्विचवर ‘शो ॲक्सेस-लिस्ट’मधला आकडा फक्त सीपीयूपर्यंत पोचलेली पॅकेटं मोजतो. शून्य दिसलं म्हणजे ओळ वापरली गेली नाही असं नव्हे. एनएक्स-ओएसवर लिस्टमध्ये ‘स्टॅटिस्टिक्स पर-एंट्री’ लिहिल्याशिवाय ओळवार मोजणी होत नाही. ‘लॉग’ लावला तर जुळलेली पॅकेटं सीपीयूकडे जातात. वर्दळीच्या ओळीवर तो लावू नका, आणि लावलाच तर तपास झाल्यावर लगेच काढा.

खात्रीचा पुरावा पॅकेट कॅप्चरमधून मिळतो. स्विचवरचा क्लायंटचा आणि सर्व्हरचा पोर्ट आळीपाळीने मिरर करून (त्यावरच्या ट्रॅफिकची प्रत दुसऱ्या पोर्टवर घेऊन) वायरशार्क या पॅकेट वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघा. क्लायंटकडून एसवायएन (कनेक्शन मागणारं पहिलं पॅकेट) निघालं, सर्व्हरच्या पोर्टवर पोचलंच नाही: जातानाची लिस्ट. सर्व्हरने एसवायएन-एसीके (त्याचं उत्तर) दिलं आणि ते क्लायंटला मिळालं नाही: परतीची लिस्ट. ट्रेसराउटमध्ये लिनक्सवर उद्गारचिन्ह-एक्स किंवा सिस्कोवर उद्गारचिन्ह-ए दिसलं, तर ज्या उपकरणाने अडवलं त्याने स्वतःच तसं कळवलं आहे.

लिस्ट इंटरफेसवरून क्षणभर काढून बघणं हीही एक निर्णायक चाचणी आहे. परवानगी घेऊन, फक्त ‘ॲक्सेस-ग्रुप’ची ओळ काढून, एक चाचणी करून लगेच परत लावा. लिस्ट पुसू नका. आणि चाचणीपुरतं वर टाकलेलं ‘परमिट आयपी एनी एनी’ तिथेच ठेवून घरी जाऊ नका. तक्रार बंद होते, पण संरक्षणही बंद होतं, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.

शेवटी टीकॅम, म्हणजे लिस्ट जिथे साठते ती मर्यादित हार्डवेअर जागा. पोर्टसाठी ‘रेंज’ (पट्टा), ‘जीटी’ (पेक्षा मोठा), ‘एलटी’ (पेक्षा लहान) वापरलेल्या ओळी साध्या ‘इक्यू’पेक्षा (नेमका तोच पोर्ट) जास्त जागा खाऊ शकतात. जागा संपली की मॉडेलनुसार वेगवेगळं घडतं: कुठे ते ट्रॅफिक सीपीयूवर येऊन स्विच मंदावतो, कुठे लिस्ट हार्डवेअरमध्ये चढतच नाही. लॉगमध्ये त्याचा संदेश असतो, म्हणून ‘शो लॉगिंग’ न वाचता पुढे जाऊ नका. जुन्या ३७५० वर ‘शो प्लॅटफॉर्म टीकॅम युटिलायझेशन’ने वापर कळतो. ओळी एकत्र करून लिस्ट आटोपशीर केली की पुष्कळदा भागतं. एसडीएम टेम्पलेट (या हार्डवेअर जागेची वाटणी ठरवणारा साचा) बदलायचा तर रीस्टार्ट लागतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

स्विचशी संपर्क तुटला, कन्सोल केबलची सोय नाही आणि ‘रीलोड इन’ही लावलेलं नव्हतं, तर अंदाजाने वीज बंद-चालू करू नका. तो स्विच आणखी काय काय वाहतोय याची पूर्ण कल्पना असलेल्या माणसाला सोबत घ्या.

कोअर स्विचचा टीकॅम भरला आहे, सीपीयू १०० टक्क्यांना चिकटला आहे किंवा राउटिंगचे शेजारी वारंवार तुटून जुळत आहेत: प्रयोग थांबवा, शेवटचा बदल मागे घ्या, उत्पादकाच्या तांत्रिक सेवेला कळवा. लिस्ट रेडियस सर्व्हरकडून (वापरणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या सर्व्हरकडून) पोर्टवर उतरत असेल तर स्विचवर काहीही बदलू नका, ती प्रणाली सांभाळणाऱ्याशी बोला. कार्ड पेमेंट, वैद्यकीय उपकरणं किंवा कारखान्यातली नियंत्रण यंत्रणा वेगळी ठेवण्यासाठी लावलेली लिस्ट असेल, तर एक मिनिटासाठीही ती काढायचा निर्णय तुमचा एकट्याचा नाही. आणि डिनायचे आकडे अचानक वाढलेत, अनोळखी पत्ता एकामागून एक पोर्ट ठोठावतोय असं दिसलं, तर काउंटर आणि लॉग पुसू नका. तो पुरावा आहे, तो सुरक्षेच्या माणसाच्या हाती जसाच्या तसा जायला हवा.

बोलावताना पुढच्या गोष्टी तयार ठेवा: स्विचचं मॉडेल आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती, पूर्ण लिस्ट, ती कोणत्या इंटरफेसवर कोणत्या दिशेला लावली आहे, जोडीतल्या दुसऱ्या स्विचची तीच माहिती, चालणारा एक आणि न चालणारा एक असे दोन नेमके प्रवाह पत्ता-पोर्टसह, आणि शेवटचा बदल कोणी कधी केला त्याची वेळ.